शेत विकू नका

श्टुटगार्ट, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. भात-आमटी रोज होते, खोली गरम असते, खोकला केव्हाच गेला. आई, परवा आवाज खोल वाटला तो फोनमुळे.

इथली एक रीत सांगायची राहिली. पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की २५ सेंट, म्हणजे पंचवीसेक रुपये, अनामत पडते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घालायची. चेपलेली असेल किंवा लेबल फाटलं असेल तर यंत्र ती परत ढकलतं. मग चिठ्ठी निघते, ती गल्ल्यावर द्यायची. ज्यांना एवढा खटाटोप नको असतो ते बाटली कचरापेटीत न टाकता पेटीला टेकवून बाहेर ठेवतात. कारण रात्री म्हातारी माणसं पिशव्या घेऊन बाटल्या वेचत फिरतात, त्यांना पेटीत हात घालावा लागू नये. इस्त्रीचा कोट घातलेला माणूसही वेचताना दिसतो. बघवत नाही.

बाबा, धाकट्याला इकडे पाठवायला एजंटाला नऊ लाख द्यायचे म्हणून शेत विकू नका. मी इथे मजेत आणि त्याला अडवतोय असं मनात आणू नका. त्याच्या आयटीआयच्या दाखल्याची तुलना इथल्या साडेतीन वर्षांच्या शिक्षणाशी न्यूर्नबर्गचं कार्यालय करतं. फी १०० ते ६०० युरो, अर्ज आपणच करायचा. आयटीआय दोनच वर्षांचं, म्हणून उरलेली तूट अनुभवाने भरून दाखवावी लागते, आणि अडतं ते तिथेच. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतली वर्कशॉपं पत्रात 'वर्तणूक चांगली' एवढंच लिहून देतात. कुठलं मशीन, ते चालवणारा कंट्रोल कुठला, कुठले जॉब म्हणजे कुठले भाग बनवले, किती मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं लिहून घ्यायला सांगा. पीएफचा उतारा जोडा. जर्मन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते.

आणि त्याला मोजायला शिकू दे. १०० मिलिमीटरच्या बोअरला, म्हणजे जॉबमधल्या गोल भोकाला, एच-७ या अचूकतेच्या वर्गात ३५ मायक्रॉनच्याच फरकाची सूट असते. मशीनवरून उतरलेला पोलादी जॉब मोजायच्या गेजपेक्षा १५ अंश गरम असला तर बोअर १७ मायक्रॉन मोठं दिसतं. तिथे पास झालेला जॉब इथे २० अंशांच्या खोलीत लहान भरतो आणि परत जातो. त्याचा भुर्दंड बेळगावच्या कारखान्याला, आणि शेवटी पोरांच्या पगाराला. जॉब आणि गेज एका टेबलावर तासभर ठेवले तरी हे टळतं. एवढं हातात असलं तर त्याला तिथेही चांगला पगार मागता येईल.

ऐंशी हजार पाठवलेत. साठ ताईच्या हॉलला, वीस सोसायटीत भरा. रजा दहाच दिवस मिळाली, हळदीला पोचत नाही, अक्षतांना उभा असेन. ताईला तुम्हीच सांगा, माझ्याने फोनवर सांगवलं नाही. मांड्यांची ऑर्डर आधी द्या. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन लग्नापुढे ढकलू नका, त्याचे पैसे वेगळे पाठवतो.

तुमचा,
थोरला