कासवांना आयव्हरमेक्टिन देऊ नका

महोदय,

पुण्यात काही घरांतून पाळीव कासवाला जंत झाल्याच्या नुसत्या शंकेवरून दुकानातून आयव्हरमेक्टिन आणून दिले जाते, याची मला फार काळजी वाटते. गुरांना चालणारे हे औषध कासवाच्या मज्जासंस्थेवर घातक परिणाम करते. त्याचे पाय लुळे पडतात, श्वास मंदावतो आणि अनेकदा मृत्यू ओढवतो. वास्तविक गोलकृमींसाठी फेनबेंडाझोल आणि अमीबासारख्या एकपेशीय परजीवींसाठी मेट्रोनिडाझोल वापरतात, म्हणूनच आधी विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हायला हवी; मात्राही वजन करूनच ठरवावी लागते. (स्टार कासव पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुळातच निषिद्ध आहे.) शहरातील औषधविक्रेत्यांनी पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय आयव्हरमेक्टिन देऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे