अहवाल लिहिण्याआधी पोराच्या घरी जा

मा. महिला व बाल विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या एका डोंगराळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी 31 वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे. जिल्ह्याचं, गावाचं, तांड्याचं नाव या पत्रात लिहीत नाही. ज्या पोराबद्दल लिहायचं आहे त्याची ओळख पटेल असं काहीही छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बंदी केली आहे, आणि ती बंदी मला मनापासून पटते.

पोरगा 15 वर्षांचा, दहावीत. डिसेंबरात दोन मोठ्या माणसांबरोबर विहिरीवरच्या मोटारीची केबल कापताना सापडला. केबल जाळायची आणि आतलं तांबं भंगारवाल्याला विकायचं, असा हा प्रकार. चोरी ती चोरीच. ज्याची केबल गेली त्याचा हरभरा ऐन घाटे भरायच्या वेळी पाण्यावाचून राहिला. तोही माझाच विद्यार्थी.

पोराला 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे नेलं. लॉकअपमध्ये ठेवलं नाही, सोबतचा अधिकारी साध्या कपड्यांत होता. इथवर सगळं कायद्याप्रमाणे झालं. पण घरचं कोणी हजर नव्हतं. आईबाप दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले. निरोप पोचला तेव्हा ते फडात होते, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या जोडप्याला मुकादम हंगामाच्या मध्यात सोडत नाही. पोराची रवानगी निरीक्षणगृहात झाली, म्हणजे चौकशी चालू असेतो मुलांना ठेवतात तिथे. अहवाल आला की बघू, असं सांगण्यात आलं.

हा अहवाल म्हणजे सगळ्या प्रकरणाचा कणा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, त्या दोघांतली किमान एक महिला. पोराने काय केलं एवढंच त्यांना पाहायचं नसतं. तो कुठल्या घरातून आला, कोण त्याला सांभाळेल, शाळा चालू आहे का, हेही पाहायचं असतं. कलम 18 प्रमाणे ते पोराला समज देऊन घरी पाठवू शकतात, समुपदेशन किंवा समाजसेवा करायला लावू शकतात, पालकाच्या किंवा योग्य व्यक्तीच्या हवाली करून परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडू शकतात, नाहीतर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवू शकतात. यातलं काय निवडायचं, ते ठरतं परिविक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालावर. तो 15 दिवसांत द्यायचा असतो.

आमच्या पोराच्या अहवालाचा सारा भार तीन वाक्यांवर होता. पालक स्थलांतरित. घरी देखरेख करणारं कोणी नाही. पुन्हा वाईट संगतीला लागण्याची शक्यता.

तांड्यावर कोणी आलंच नव्हतं. मी घरोघर विचारलं. पोरगा लहानपणापासून आजीजवळ राहतो, शेजारच्या घरात सख्खा काका आहे, शाळेत त्याची हजेरी बरी आहे, यातली एकही गोष्ट अहवालात नव्हती. कायद्यात जामीन हा नियम आहे. मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू फसेल, असं मानायला सबळ कारण असेल तरच जामीन नाकारता येतो. ते कारण या तीन वाक्यांनी पुरवलं. आईबाप पोटासाठी ऊस तोडायला गेले, म्हणून पोरगा आत राहिला.

मी आजीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, मंग मी कोन आहो त्याची?"

मे 2024 मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण जीव गेले, आणि 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीवर त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला. महाराष्ट्र संतापला, आणि ते रास्तच होतं. पण तेव्हापासून लोक धरून चालतात की ही मंडळं पोरांना नुसती सोडून देतात. आमच्या पोराने निरीक्षणगृहात 67 दिवस काढले, केबलच्या एका तुकड्यासाठी.

फेब्रुवारीत आजीला घेऊन मी मंडळापुढे गेलो. दोन एसटी बदलून. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तिला येणं परवडलं. मंडळातल्या बाईंनी तिला जवळ बसवलं आणि विचारलं, पोरगा सकाळी किती वाजता उठतो? पाणी कोण भरतं? रात्री घरी कधी येतो? आजीने एकेक सांगितलं. शेतकऱ्याचंही म्हणणं घेतलं गेलं. तो म्हणाला, पोराला शाळेत ठेवा आणि तांबं घेणाऱ्या भंगारवाल्याला धरा. त्याच दिवशी मंडळाने पोराला आजीच्या ताब्यात दिलं, आणि पुढे चौकशी संपल्यावर परिविक्षेचा आदेशही तिच्याच नावे केला. डिसेंबरात जी आजी कागदावर नव्हती, तीच. दहावीला तो बसला, पण गणित आणि इंग्रजी राहिलं. उत्तम मंडळ कसं चालतं ते मी त्या दिवशी पाहिलं, म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

महोदया, गृहभेटीशिवाय लिहिलेला अहवाल ग्राह्य धरू नये असं परिपत्रक आपल्या विभागाने काढावं. भेटीची तारीख आणि गावात कोणाकोणाशी बोलणं झालं, ते अहवालावर असावं. परिविक्षा अधिकारी जिल्ह्याच्या गावी बसतो. धारणीतलं पोर अमरावतीच्या आणि सिरोंच्यातलं गडचिरोलीच्या अधिकाऱ्याला घरात जाऊन कळणं अवघड आहे, हे मलाही समजतं. पण अधिकारी उपलब्ध नसेल तर बालकल्याण अधिकाऱ्याला किंवा समाजसेवकाला ही तपासणी सांगता येते, ही वाट कलम 8 मध्येच आहे. तालुक्यातालुक्यात अशा माणसांची यादी करा, त्यांना मानधन आणि प्रवासखर्च वेळेवर द्या. तारखेला येणाऱ्या आजी-काकांनाही भाडं मिळावं. एका तारखेपायी कापूस वेचणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी बुडते.

आणि स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी वेगळी सूचना हवी. आईबाप बाहेरगावी असले तर आजी, काका, मोठी बहीण यांना भेटल्याशिवाय 'देखरेख नाही' असं कोणी लिहू नये.

यंदाही दसऱ्यानंतर आमच्या तांड्यावर मुकादमाच्या गाड्या लागतील. परिपत्रक त्याआधी निघावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, विदर्भ