दोन डब्यांचा हिशेब

पुणे, रविवार

ती. बाबा, प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

मी घेतलेल्या स्पीकरच्या जोडीबद्दल परवा फोनवर बाबा म्हणाले, "दोन डब्यांना अठरा हजार?" त्यानंतर मी जे बोलले ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. रेंज गेली की बाबांनी फोन ठेवला, देव जाणे. म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

आधी डब्यांबद्दल. बाबा, तुम्ही मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घेऊन जायचात. मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे तिथे रचून ठेवलेले असायचे. मी विचारलं होतं, वाजते तर तार, मग एवढा मोठा भोपळा कशाला? तुम्ही म्हणालात, तार नुसती कुरकुरते, बोलतो तो भोपळा. स्पीकरचं अगदी तसं नाही, पण त्याच घराण्यातलं आहे. पडदा पुढे आला की समोर एक लाट जाते आणि त्याच वेळी मागे तिच्या उलटी. डबा नसेल तर त्या दोघी कडेने वळून एकमेकींना खाऊन टाकतात. त्यात पहिला बळी खर्जाचा. डग्गा मग पत्र्याच्या डब्यावर थापट्या माराव्यात तसा ऐकू येतो. मागची लाट अडवणं हे डब्याचं पहिलं काम. मी घेतलेल्यांना मागे एक भोक आहे, त्यातली हवा ठरावीक सुरात घुमते आणि खर्जाला हात देते. भोपळ्याशी नातं तेवढंच. पुढे सगळं उलटं, कारण भोपळ्याने आपला रंग द्यायचा असतो आणि डब्याने तोंड मिटून बसायचं असतं. दुकानात मी प्रत्येकावर टिचक्या मारत हिंडले, कलिंगड घ्यायला गेल्यासारखी. जो "ठक्" म्हणतो तो बरा, जो घुमतो तो नको.

पहिल्या दुकानातल्या मुलाने मला होम थिएटर दाखवलं. पाच छोटे डबे, एक मोठा, सगळं मिळून १२,०००. त्याने सिनेमातला स्फोट लावला, सोफा हादरला, आणि तो माझ्याकडे अभिमानाने बघत राहिला. मी म्हटलं, आता तानपुरा लावा. तो फोनमध्ये "तानपुरा" नावाचं गाणं शोधू लागला. बाबा, बारा हजार सहा डब्यांत आणि एका अँप्लिफायरमध्ये वाटले, तर एकेका डब्याच्या वाट्याला काय येणार? बसून गाणं ऐकणाऱ्याला समोर दोनच लागतात. शेजारच्या काकांनी आणलेला तो टेप आठवतो का, ज्यावर "१००० वॅट पीएमपीओ" लिहिलं होतं? तो आकडा क्षणभराच्या उसळीचा, तोही कागदावरचा. सलग किती ताकद मिळते ते आरएमएसमध्ये लिहितात, आणि त्या टेपला तेव्हा पाचसात वॅट मिळत असले तरी खूप.

खरं तर वॅटचा आकडा स्पीकरसाठी दुय्यमच आहे. मी बघितला तो दुसरा आकडा: एक वॅट दिला तर एक मीटरवर आवाज किती येतो. बहुतेक छोटे स्पीकर ८५ ते ८९ डेसिबलच्या मधे असतात. फरक किरकोळ वाटतो, पण तीन डेसिबल म्हणजे दुप्पट ताकदीचं काम. म्हणजे ८९ वाल्याला २५ वॅट पुरत असतील तिथे ८६ वाल्याला ५० लागतील. तुमच्या माळ्यावरच्या अँप्लिफायरवर २५ वॅट लिहिलंय. हो, तोच, १९८७ च्या दिवाळी बोनसचा. माझा सगळा हिशेब त्याच्याभोवती आहे. दिवाळीत मी त्याची पाठही वाचून ठेवली, तिथे ८ ते १६ ओहम लिहिलंय, म्हणजे स्पीकरने विजेला निदान तेवढा अडथळा करायला हवा. म्हणून चार ओहमची एक जोडी आवडूनही सोडली. ती जास्त करंट ओढते, म्हातारा तापला असता.

तुमच्याकडे तो नसता तर मी निमूटपणे पोटातच अँप्लिफायर असलेली जोडी घेतली असती. दहाबारा हजारांत बरी मिळते, ब्लूटूथ असतं, तारांची भानगड नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मी तेच सुचवेन. फक्त त्यातलं सर्किट गेलं की चांगला डबाही कोपऱ्यात पडतो.

आणि "जुने स्पीकर आहेत की घरात" याचं उत्तर. जाळी काढून बघितली मी. पडद्याच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा झाला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. वापरले नाहीत म्हणून नव्हे, तो फोम वापरला न वापरला तरी हवेतच कुजतो. पुन्हा फोम लावून देणारे कारागीर आहेत, तो विचार नंतर करू. नव्या जोडीला रबराची कड आहे.

आता अठरा हजार कसे ठरले ते. शेवटच्या दुकानात दोन जोड्या उरल्या, दोघींचा पडदा पाच इंची. माझी खोली दहा बाय बारा, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं बाळ, त्यामुळे आठ इंची घेऊन काय करू? मालक भला माणूस, एक तास बसू दिलं. मी माझी रेकॉर्डिंग्ज नेली होती. पहिल्या फेरीत पहिली जोडी खणखणीत वाटली, दुसरी मवाळ. मग लक्षात आलं, पहिली थोडी मोठ्याने वाजत होती. जे मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. दोन्हींचा आवाज सारखा करून पुन्हा ऐकलं. पहिलीत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता नाद, वेगळी काढून ताटात वाढल्यासारखी येत होती, तारेखालच्या दोऱ्यापाशीच कान नेल्यासारखी. दहा मिनिटं छान, मग माझे दात शिवशिवायला लागले. दुसरीत चारही तारा एकमेकींत मिसळून खोलीत पसरत होत्या. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर येतो. पाच इंची पडद्याची दमछाक तिथेच सुरू होते, पण वरचे स्वर नीट आले की खालचा कान भरून काढतो. दुसरी १८,००० ला होती, पहिली १५,५०० ला. इथे बजेट अडीच हजारांनी मोडलं, हे कबूल. फ्रिज पुढच्या वर्षी, आई.

अब्दुल करीम खाँसाहेबांचं रेकॉर्डिंगही लावलं. दर्ग्यातल्या उरुसाला तुम्ही मला मांडीवर झोपवून रात्रभर बसायचात, ते आठवलं म्हणून. पण अपेक्षा ठेवू नका. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीत खर्ज मुळातच फारसा नाही, चांगल्या स्पीकरवर खरखर तेवढी अधिक स्पष्ट झाली. मला वाटतं ते तुमच्या जुन्या ट्रान्झिस्टरवरच गोड लागतं.

बाबा, एक बोलू? टीव्हीचा आवाज तुम्ही हल्ली फार वर नेता, आणि तरी म्हणता की बोलणं कळत नाही. वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात. "स" आणि "फ" या अक्षरांचा आवाज त्या वरच्या स्वरांतच असतो. शिवाय हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. तेव्हा पोटात अँप्लिफायर असलेली ती छोटी जोडी तुमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवायचा माझा बेत आहे. त्याआधी कान तपासून घ्या. हे वाक्य आईने दोनदा वाचावं.

बाकी खर्च किरकोळ आहे. तार मी घरगुती वायरिंगची, दीड चौरस मिलिमीटरची घेतली, प्रत्येक बाजूला तीन मीटर. हजारो रुपयांच्या तारा विकणारेही भेटले, त्यांना नमस्कार केला. स्टँडचे चार हजार वाचवले. पुस्तकांच्या मांडणीवर बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवलेत, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून, कारण मागचं भोक भिंतीला चिकटलं की खर्ज गढूळ होतो. खाली तुमची जुनी स्लिपर कापून ठेवली आहे. (आई, ती टाकायचीच होती.) फरशीमुळे खोली फार वाजते, म्हणून येताना मोठी सतरंजी आणा.

आणि अँप्लिफायर. कोयना एक्स्प्रेसने येणार असाल तर तो गोधडीत गुंडाळून सीटखाली ठेवा, सहासात किलो भरेल. पार्सलने मुळीच पाठवू नका. तिथे चालू करून बघू नका, इतकी वर्षं बंद आहे. इथे आल्यावर मी आधी मल्टीमीटरने बघेन, स्पीकरच्या टोकांवर डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट, त्याने स्पीकर जळतो) येत नाही ना. तोवर नवे डबे जोडणार नाही. आवाजाच्या बटणाची खरखर स्प्रेने जाईल. तुमच्या जुन्या तारेतला लाल धागा कुठे गेला तो मात्र शोधून ठेवा. एका बाजूचं अधिक-उणे उलटं लागलं तर गवई मधोमध बसायचा सोडून दोन्ही भिंतींत विरघळतो आणि डग्गा गायब होतो. १९८७ पासून आपल्याकडे तसंच लागलेलं होतं की काय, अशी मला दाट शंका आहे.

तुमची,
मनू