खाणं सुटेपर्यंत थांबू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

म्हातारं मांजर आजारी असलं की घरात हमखास ऐकू येतं, ‘अजून खातंय ना, मग बघू.’ या एका वाक्यापायी कितीतरी मांजरांचे शेवटचे दिवस हालात जातात. दुखणं लपवणं हा मांजराचा स्वभावच आहे. दात किडले, हिरड्या सुजल्या तरी ते खातं, वेदनेतही घुरघुरतं. मूत्रपिंडाच्या आजारात ते पूर्ण अन्न सोडतं, तोवर मळमळ आणि तोंडातले व्रण त्याने बरेच दिवस सोसलेले असतात.

म्हणून अंदाजावर विसंबू नका, मोजा. बाळांच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. चार किलोच्या मांजराचं 200 ग्रॅम घटलं तरी ती 5 टक्के घट असते. गाढ झोपेत श्वास मोजा. मिनिटाला सतत 30 च्या वर जात असतील तर तपासणी हवीच. तोंड उघडून धाप लागली किंवा मागचे पाय एकाएकी लुळे आणि थंड पडले, तर सकाळची वाट पाहू नये.

वेदना ओळखण्यासाठी माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये मांडलेली चेहऱ्याची मोजपट्टी उपयोगी आहे. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण यांना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे. बेरीज 4 किंवा जास्त आली तर वेदनाशामक हवं. सांध्यांचं जुनं दुखणं मात्र चेहऱ्यावर फारसं दिसत नाही. ते उडी टाळण्यात, मलपेटीबाहेर घाण करण्यात, पाठीवरच्या केसांच्या गुठळ्यांत दिसतं. एकूण जगणं तपासायला वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात बाबींना प्रत्येकी 0 ते 10 गुण (10 म्हणजे सर्वांत चांगली स्थिती) देण्याची पशुवैद्यक अॅलिस व्हिलालोबोस यांची पद्धत आहे. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळ चालू ठेवता येतो. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत. रोज जवळ बसणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण जाणवत नाही.

गुण उतरले म्हणजे लगेच दयामरण, असं नाही. कातडीखाली सलाईन, मळमळीवरचं औषध, वेदनाशामक यांनी कित्येक मांजरं पुन्हा सावरतात. पण माणसांचं पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळीही जीव घेते. उपचार करूनही गुण चढत नसतील, तर निर्णय दिवसाउजेडी, शांतपणे घ्यावा. मध्यरात्री धापा टाकणारं मांजर घेऊन धावताना तो घ्यावा लागणं सर्वांत वाईट.

आधी गुंगीचं इंजेक्शन द्यावं, असा आग्रह धरा. पाच ते पंधरा मिनिटांत मांजर झोपतं, मग शिरेतून पेंटोबार्बिटाल हे भुलीचं औषध मोठ्या मात्रेत देतात आणि बहुधा मिनिट-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, लघवी होते, एखादा उसासाही येतो. तेव्हा त्याला यातना होत नसतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं असावं.

पेंटोबार्बिटाल मृत शरीरात टिकून राहतं आणि ते खाणारी कुत्री, गिधाडं मरतात. त्यामुळे दहन करावं, नाहीतर किमान एक मीटर खोल पुरावं. उघड्यावर टाकू नये.

आपली,
एक पशुवैद्यक