प्रिंटर बंद, तरी पिंग येतंय : देखभाल सेवेबद्दल तक्रार

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४
विटा, जि. सांगली

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, सांगली कार्यालय

विषय : नेटवर्क प्रिंटरचा दोष न शोधता कार्ड बदलल्याबद्दल तक्रार आणि रु. ११,५६४ परत मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या पतसंस्थेच्या विटा शाखेत एकच मोठा प्रिंटर आहे. झेरॉक्स, स्कॅन आणि सहा कॉम्प्युटरच्या प्रिंट असे सगळे त्याच्यावरच चालते. १ एप्रिलपासून त्याची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आपल्याकडे आहे : रु. १४,००० अधिक जीएसटी, वर्षाला बारा व्हिजिट. पैसे आम्ही पहिल्याच आठवड्यात भरले. मी या शाखेची व्यवस्थापक आहे. मला कॉम्प्युटरमधले फार कळते असा माझा दावा नाही, म्हणून तर आपल्याला पैसे देतो.

१ ऑगस्टला पहिल्यांदा प्रिंट जायची थांबली. कर्ज विभागाच्या कॉम्प्युटरवर प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवत होता आणि शेजारच्या काउंटरवरून मात्र प्रिंट व्यवस्थित येत होती. काचेवर कागद ठेवला की झेरॉक्सही निघत होती. आपले इंजिनिअर आले, प्रिंटर बंद करून चालू केला, प्रिंट आली, कॉल क्लोज. चार दिवसांनी तेच, फक्त या वेळी कर्ज विभागाचे चालू आणि कॅशियरचे बंद. ८ ऑगस्टला पुन्हा व्हिजिट, पुन्हा रीस्टार्ट.

२० ऑगस्टच्या व्हिजिटबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्या दिवसाचे नुकसान आपल्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही. इंजिनिअरनी सहाही कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) काढून नवा टाकला. आमच्या ठेव पावत्या छापील असतात, त्यांना अनुक्रमांक असतात आणि त्या दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवलेल्या असतात. पावतीवर मजकूर नेमका चौकटीत बसावा यासाठी केलेले सगळे सेटिंग ड्रायव्हरबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाव रकमेच्या चौकटीत आणि रक्कम शिक्क्याच्या जागेवर. लक्षात येईपर्यंत चौदा पावत्या वाया गेल्या होत्या. अनुक्रमांकाची पावती फाडून टाकता येत नाही, प्रत्येकीवर 'रद्द' लिहून, सही करून, नोंद करून ऑडिटसाठी जपून ठेवावी लागते. त्या चौदाही आज माझ्या कपाटात आहेत. कोणी बघायला आले तर दाखवीन.

त्यातच आणखी एक प्रकार. प्रिंट येत नाही म्हणून माणूस दोनदा-तीनदा बटण दाबतो. ते सगळे रांगेत साठते आणि प्रिंटर शुद्धीवर आला की एकदम बाहेर पडते. एका दुपारी असाच गठ्ठा आला आणि त्यात एका सभासदाची थकबाकीची नोटीस तीन वेळा. ते सभासद तेव्हा काउंटरसमोरच उभे होते. त्यांच्या मागे रांगेत त्यांचे व्याही.

२८ ऑगस्टला मी फोनवर जरा आवाज चढवून बोलले, हे मान्य करते. त्यावर आपल्या तांत्रिक विभागाने माझ्याकडूनच एक तपासणी करून घेतली. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडा, 'पिंग' (त्या पत्त्यावरून उत्तर येते का हे पाहण्याची आज्ञा) लिहा, पुढे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.२०१ टाका. टाकला. चार ओळींचे उत्तर आले. "पिंग येतंय ना मॅडम, म्हणजे नेटवर्क ओके आहे. प्रिंटरचं नेटवर्क कार्ड गेलंय." ३० ऑगस्टला नवे कार्ड, म्हणजे प्रिंटरला नेटवर्कशी जोडणारा भाग, बसले. रु. ९,८०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे रु. ११,५६४. इंजिनिअरनी नव्या कार्डातही तोच पत्ता टाकला. जुने कार्ड ते सोबत घेऊन गेले.

आठवडाभर सगळे सुरळीत चालले. मीही संचालक मंडळाला 'दोष सापडला' असे सांगून मोकळी झाले. ८ सप्टेंबरला रविवारी लाइट गेली होती, सोमवारी शाखा उघडली तर प्रिंट बंद. २९ सप्टेंबरला आमची वार्षिक सभा होती. १,१४० सभासदांना सभेची नोटीस वेळेत पोचायला हवी, त्याला सबब चालत नाही. आपल्याकडे कॉल टाकला तर गौरी-गणपतीमुळे माणूस नाही, शुक्रवारी येईल, असे उत्तर मिळाले. सण सगळ्यांनाच असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नोटिसा बाहेरून पाठपोट छापून घ्याव्या लागल्या, नोटिशीला दोन रुपये, एकूण रु. २,२८०. पुढे १३ आणि २४ सप्टेंबरला व्हिजिट झाल्या. दोन्ही रिपोर्टवर एकच वाक्य आहे : 'प्रिंटर रीस्टार्ट केला, ओके.'

आता दोष कसा सापडला ते सांगते. आमच्याकडची एक क्लार्क प्रिंटरच्या तक्रारी वहीत लिहिते आणि महिनाअखेरीला बोटांच्या हजेरीचा हिशोबही तीच काढते. हजेरीच्या यंत्रातून नोंदी कॉम्प्युटरवर उतरत नाहीत, अशी तिची वेगळीच कुरकुर होती. ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, ती दोन्ही वह्या घेऊन माझ्यासमोर बसली. तिच्या कॉम्प्युटरवर ज्या दिवशी प्रिंट येते त्या दिवशी हजेरी उतरत नाही, आणि हजेरी उतरते त्या दिवशी प्रिंट येत नाही. तारखा समोरासमोर ठेवल्या तर एकही चुकली नाही.

मग आम्ही प्रिंटरचे बटण बंद केले, भिंतीतला प्लग काढला, नेटवर्कची वायरही काढली आणि पिंग केले. उत्तर आले! वायर हातात धरून उभी असलेली मी आणि कॉम्प्युटरवर चार ओळींचे खणखणीत उत्तर. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर समोर उघडले हजेरीच्या यंत्राचे पान.

हे यंत्र २९ जुलैला दुसऱ्या एका विक्रेत्याने बसवले. तेही वायरने त्याच नेटवर्क स्विचला (सगळ्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्याला) जोडलेले आहे आणि कारखान्यातून येतानाच त्यात १९२.१६८.१.२०१ हा पत्ता भरलेला असतो. त्याने तो बदलला नाही. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरे झाली. प्रत्येक कॉम्प्युटर 'हा पत्ता कोणाचा' याची स्वतःपुरती नोंद ठेवतो. ज्याच्या नोंदीत प्रिंटर, त्याची प्रिंट येते. ज्याच्या नोंदीत हजेरीचे यंत्र, त्याचे काम त्या यंत्राच्या दारात जाऊन परत येते. प्रिंटर रीस्टार्ट केला की तो 'हा पत्ता माझा' असे पुकारतो, सगळ्यांच्या नोंदी बदलतात आणि काही दिवस बरे जातात. नवे कार्ड बसल्यावरही तेवढेच झाले. ज्या पिंगच्या भरवशावर आपण कार्ड गेल्याचा निकाल दिला, ते उत्तर बहुधा त्या यंत्रानेच दिले असणार.

प्रिंटरला आम्ही वेगळा, कोणालाच न दिलेला पत्ता दिला. सहाही कॉम्प्युटरवर तो बदलायला पाऊण तास लागला. त्यानंतर आजपर्यंत एकदाही प्रिंट अडलेली नाही, आणि मधल्या काळात दोनदा लाइट जाऊन आली आहे.

न्यायाने बोलायचे तर पत्त्यांचा घोळ त्या दुसऱ्या विक्रेत्याने केला. त्याला वेगळे पत्र लिहिले आहे. पण 'काही कॉम्प्युटरवर येते, काहींवर येत नाही आणि रोज आळीपाळीने बदलते' हे लक्षण, कार्ड बसवायची सोडून झालेल्या पाच व्हिजिटमध्ये, एकालाही खटकू नये? पूर्वी प्रिंट चालत होती, मग मधे नवीन काय जोडले, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारला असता तर यंत्र दारातच टांगलेले आहे, इंजिनिअर रोज त्याच्यासमोरूनच आत यायचे. एप्रिलमध्ये आपल्याच माणसाने प्रिंटरला हा पत्ता दिला, तोही कुठे लिहून ठेवला नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा. कार्डाचे रु. ११,५६४ परत करावेत आणि तशी क्रेडिट नोट द्यावी. आपले कार्ड आपण काढून न्या, मात्र आमचे जुने कार्ड परत बसवून, चालवून दाखवून. ते बिघडले होते असे आपले अजूनही म्हणणे असेल तर तसे लेखी द्यावे. पाच व्हिजिट बारामधून वजा करू नयेत. ठेव पावतीचे सेटिंग अजून अर्धा सेंटीमीटर खाली आहे, ते आपल्या माणसाने येऊन नीट करून द्यावे. बाहेरच्या छपाईचे रु. २,२८० मी मागत नाही. चेअरमन साहेब मागा म्हणाले होते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास ऑक्टोबरअखेरच्या मासिक सभेत करार थांबवून उरलेल्या महिन्यांची रक्कम परत मागण्याचा ठराव मांडला जाईल.

येणाऱ्या इंजिनिअरनी दुपारी दोननंतर यावे. सकाळी काउंटरवर गर्दी असते.

आपली विश्वासू,
शाखा व्यवस्थापक

सोबत : पाचही व्हिजिटचे रिपोर्ट, कार्डाचे बिल, दोन्ही वह्यांच्या पानांच्या झेरॉक्स (आमच्याच प्रिंटरवर काढलेल्या).