छकुलीच्या बाप्तिस्म्याविषयी

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे फोनवर सांगितलं असतं, तर बाबांनी "बरं, आईशी बोल" म्हणून फोन आईकडे दिला असता. म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा, शेवटपर्यंत वाचा.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी छकुलीचा बाप्तिस्मा इथल्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चमध्ये करायचं ठरलं आहे. बाळाला देवाच्या हाती सोपवायची समर्पणाची प्रार्थना नाही, बाप्तिस्माच. पाळकसाहेबांशी बोलणंही झालं आहे.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. आधी विश्वास, मग पाणी. कडेवरचं लेकरू कसली कबुली देणार? मी बाप्तिस्म्यासाठी सापन नदीत उतरले तेव्हा तुम्ही काठावर टॉवेल घेऊन उभे होतात आणि आईने डोळे गच्च मिटले होते, कारण मला पोहता येत नव्हतं. तो दिवस मी सोडून दिलेला नाही. पण छकुली याच मंडळीत वाढणार, इथल्याच संडे स्कूलला जाणार. सासूबाईंनी एका शब्दानेही आग्रह केला नाही, हे खरंच सांगते. त्यांनी आग्रह केला असता तर मीच अडून बसले असते, तुमचीच लेक आहे.

आणि 1970 साली सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली, ती आपल्या नागपुरातच ना? त्यात कळत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते. बाळाचा बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण, म्हणजे मोठेपणी स्वतः दिलेली कबुली, किंवा आधी समर्पण आणि कळत्या वयात बाप्तिस्मा, दोन्ही वाटा तेव्हाच मान्य झाल्या. आम्ही पहिली घेतली, एवढंच. ज्यांचा बाळपणी बाप्तिस्मा झाला त्यांना इथे पुन्हा पाण्यात उतरवत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे आणि तेच तुम्हाला लागणार, हे मलाही माहीत आहे. पण कबुली तिची तीच देईल. ती कोणी आधी उरकून टाकू शकत नाही. तुमच्या मिशनरी विल्यम केरीसाहेबांचाही बाप्तिस्मा इंग्लंडच्या चर्चमध्ये तान्हेपणीच झाला होता. पुढे 1783 साली ते स्वतःच्या मनाने नेन नदीत उतरलेच की! सेरामपूरला 1811 साली त्यांनी मराठी नवा करार छापला, हे तुम्ही दर नाताळात सांगता; ही त्याआधीची गोष्ट मात्र गाळता.

आई, तू बाबांची समजूत काढत बसू नकोस. तू फक्त तो चित्रं चिकटवायचा फ्लॅनेलचा फळा आणि बायबलच्या चित्रांचा डबा घेऊन ये. पाय तुटलेला आणि मागून पट्टी चिकटवलेला, येशूला बघायला झाडावर चढणारा जक्कयसुद्धा हवा. इथे सगळं पडद्यावर दाखवतात, पोरं बघतात आणि विसरतात. तू त्याला झाडावर चढवायचीस तेव्हा आम्ही श्वास रोखून बसायचो. अजून मला जक्कय म्हटलं की तोच दिसतो, पिवळा झगा आणि एक डोळा पुसट.

बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीची तिकिटं काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय. भाकर रोज मिळेल, ज्वारी आणून ठेवली आहे. सासरे पहाटे उठून प्रार्थना करतात, तेव्हा बाबांना चहाला सोबत आहे. गाद्या कडक आहेत.

आता बाबा, तुमच्या पायांचं. कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात तुम्ही शनिवारी जाता, समोरच्याचा तळवा मांडीवर घेता, पाण्यात भिजवलेला घट्टा खरवडता, तेल लावता आणि दटावता की रोज रात्री तळवे बघत जा, बधिर पायाला काटा कळत नाही. साखर वाढल्यापासून तुमचेही पाय बधिर झालेत, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. आणि तुम्ही अंगणात अनवाणी! लोकांना एमसीआरच्या (बधिर पायांसाठीच्या मऊ रबराच्या) चपला मोजून देता, तशीच एक स्वतःसाठी करून घ्या. शनिवार बंद करा असं मी म्हणणार नाही, तुम्ही ऐकणारही नाही. पण लुना बंद. मंडळीतल्या तरुण संघातलं कोणीतरी नेईल-आणील, मी सेक्रेटरींशी बोलले आहे. रागावू नका. ते म्हणाले, पोरांनाच तुमच्यासोबत जायचं होतं, विचारायची हिंमत नव्हती.

अजून एक. पाळकसाहेबांनी विचारलं, शास्त्रवाचन आजोबा करतील का? मी हो सांगून टाकलं. उतारा तुम्ही निवडायचा. फिलिप आणि आधी विश्वास ठेवून मग पाण्यात उतरलेल्या कूशी अधिकाऱ्याचा काढाल, मी ओळखून आहे. काढा. चष्म्याचा नंबर तेवढा त्याआधी बदलून घ्या, आणि निघायच्या आधी साखरेचा रिपोर्ट मला पाठवा. उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही.

तुमची,
सोनू