पोरांना जरा गप्प राहू द्या

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर आई म्हणाली की हल्ली घरात दादाच्या पोरांशी इंग्लिशच बोलायचं ठरवलंय, म्हणजे इकडे इंग्लंडात स्विंडनला दादा-वहिनीकडे आल्यावर अडायला नको. आई, तुझं इंग्लिश ऐकायला मजा येईल गो, पण प्लीज बंद कर ते. दादा-वहिनी दोघंही शिफ्टवाले, पोरं शाळेतून दमून येणार, तेव्हा मनातलं बोलायला त्यांच्याकडे मराठी-कोंकणीच असणार, ती पक्की असू दे. इंग्लिशचं शाळा बघून घेईल.

मी वर्गात मदतनीस म्हणून असते त्यामुळे रोज बघतेच. इथे वर्ग वयावर ठरतो, 1 सप्टेंबरला किती वर्षं पूर्ण ते बघतात, म्हणून थोरला अकराचा तो थेट सेकंडरीत इयर 7 ला आणि धाकटी आठची म्हणून इयर 4. इंग्लिश कच्चं म्हणून खालच्या वर्गात टाकतील ही बाबांची भीती सोडा. थोरल्याला पाचवीपासून इंग्लिश मीडियम आहे, वाचतो तो नीट, पण इकडची मुलं भराभर अर्धे शब्द गिळून बोलतात, ते कानात बसायला वेळ जाणारच.

आणि मेन म्हणजे नवीन आलेली बरीच मुलं सुरुवातीचे काही महिने बोलतच नाहीत. आमच्याकडे पेडण्याकडचा एक मुलगा होता, सप्टेंबरपासून नाताळपर्यंत नुसती मान हलवायचा, आईबाप रडकुंडीला आलेले, मग एक दिवस मैदानावर फुटबॉलवरून भांडण झालं आणि हा जोरात ओरडला, "दॅट्स नॉट फेअर, इट वॉज माय टर्न!" अख्खं वाक्य, व्याकरणासकट. इतके महिने सगळं ऐकून साठवत होता पठ्ठ्या. तेव्हा रोज व्हिडिओ कॉलवर "इंग्लिश यायला लागलं काय" विचारायचं नाही, दोघांनीही. जेवला काय, कोणाबरोबर खेळला, एवढंच विचारा.

बाबा, पाढे मात्र सोडू नका हां. इयर 4 ला जूनमध्ये कॉम्प्युटरवर पाढ्यांची टेस्ट असते, 12 पर्यंतचे पाढे, 25 प्रश्न, उत्तराला 6 सेकंद. धाकटी तिथे भाव खाणार, आणि न बोलता एका तरी गोष्टीत आपण पुढे आहोत हे कळलं की मूल वर्गात ताठ बसतं.

काजू भरपूर पाठव आई, पण घरी खायला. बऱ्याच शाळांत ॲलर्जीमुळे डब्यात नट्स चालत नाहीत, गोव्याच्या पोरांवर अन्यायच आहे हा. आणि गणपतीची चवथ नेमकी शाळा सुरू व्हायच्या आसपास येते, शाळा बुडवून गावी आलं तर पालकांना दंड होऊ शकतो, त्यामुळे दरवर्षी चवथीला येणं जमणार नाही हे पोरांना आत्ताच सांगा, विमानतळावर नको.

शेजारचे काका त्यांच्या मुलाचं विचारत होते ना, त्यांना सांगा की पोर्तुगीज पासपोर्टवर नुसतं उठून यायचे दिवस 31 डिसेंबर 2020 ला संपले. दादा-वहिनी त्याआधीचे, त्यांना सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, आहे म्हणून पोरांचं जमतंय.

जाड जॅकेटं म्हापशाला घेत बसू नका, इकडे चॅरिटी शॉपमध्ये स्वस्तात मिळतात. जन्मदाखले, लसींची कार्डं आणि शेवटचे रिझल्ट हँडबॅगेत घाला, आणि आधी सगळ्याचे फोटो मला व्हॉट्सॲपवर टाका, या वेळी सरळ आणि उजेडात काढलेले.

तुमची,
बाय